जोडीदार तुरुंगात असताना घटस्फोट आणि मुलांचा ताबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून, विशेषतः माहेरी परतलेल्या तरुण आयांकडून आणि नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांकडून, सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण कायदेशीर माहितीच्या स्वरूपाची आहेत. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी आपले कागद वकिलाला दाखवावेत. पती-पत्नीचे नाते आणि पालक-मुलाचे नाते यांचा निर्णय कायदा वेगवेगळ्या निकषांवर करतो. हे दोन्ही विषय एकाच रागाच्या भरात मांडले गेले की, आमच्या पाहण्यात, दोन्हीकडे नुकसान होते.

१. माझ्या मिस्टरांना जन्मठेप झाली आहे. आता आमचे लग्न आपोआप संपले का?

नाही. शिक्षा कितीही मोठी असली तरी विवाह आपोआप संपत नाही. सक्षम न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत आपण कायद्याने पत्नीच आहात. या काळात दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हाही आहे. हुकूमनाम्यानंतर किती काळ थांबावे, हे प्रश्न १८ मध्ये दिले आहे.

२. हिंदू विवाह कायद्यात ‘जोडीदार तुरुंगात आहे’ हे घटस्फोटाचे कारण आहे का?

सरळ कारण म्हणून नाही, आणि सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ मध्ये व्यभिचार, क्रूर वागणूक, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार अशी कारणे दिलेली आहेत. तुरुंगवास त्या यादीत नाही. त्यामुळे ‘पतीला शिक्षा झाली, सबब घटस्फोट मिळावा’ एवढ्यावर उभा असलेला अर्ज टिकणे कठीण असते.

व्यवहारात बहुतेक अर्ज क्रूरतेच्या कारणावर चालतात. पतीने केलेला गुन्हा, त्यामुळे पत्नीच्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा, पोलिसांची घरी ये-जा, मुलांवर झालेला परिणाम, अटकेपूर्वीची मारहाण किंवा व्यसन, हे सर्व मिळून एकत्र राहणे अशक्य झाले आहे, असे दाखवावे लागते. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून दीर्घ शिक्षा होणे ही जोडीदाराच्या दृष्टीने मानसिक क्रूरता ठरू शकते, असा दृष्टिकोन काही उच्च न्यायालयांनी घेतलेला आहे. तरीही प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थिती पुराव्याने मांडावीच लागते. म्हणून अर्जात गुन्ह्याचा क्रमांक आणि कलमे लिहून थांबू नये. रात्री घरात काय घडत होते, शेजाऱ्यांनी काय पाहिले, दवाखान्याचे कोणते कागद आहेत, मुलाची शाळा का बदलावी लागली, हे तारखांसह लिहावे.

परित्यागाचे कारण मात्र जपून वापरावे. परित्याग म्हणजे जोडीदाराला सोडून देण्याच्या इराद्याने दूर जाणे. तुरुंगात गेलेली व्यक्ती स्वेच्छेने गेलेली नसते, त्यामुळे केवळ कैदेची वर्षे मोजून परित्याग सिद्ध होत नाही. अटकेच्या आधीच त्याने घर सोडले असेल तर गोष्ट वेगळी.

पत्नीसाठी आणखी एक स्वतंत्र कारण आहे. विवाहानंतर पती बलात्कार किंवा अनैसर्गिक लैंगिक कृत्य यासारख्या गुन्ह्यात दोषी असेल, तर कलम १३(२) खाली त्याच आधारावर अर्ज करता येतो.

३. अजून फक्त अटक झाली आहे, खटला चालू आहे. शिक्षा होईपर्यंत थांबावे लागेल का?

क्रूरतेच्या कारणावर अर्ज करायचा असेल तर थांबण्याची गरज नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. वैवाहिक दाव्यात मात्र कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, हे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच हे स्पष्ट केले आहे. आपल्याला खून किंवा फसवणूक सिद्ध करायची नसून आपल्याशी झालेली वागणूक सिद्ध करायची आहे. पण आपला संपूर्ण अर्ज त्या फौजदारी आरोपावरच उभा असेल आणि उद्या तो निर्दोष सुटला, तर अर्ज पोकळ ठरेल. न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी, म्हणजे बोलीत कच्चा कैदी आणि पक्का कैदी, यांतील फरक न्यायालय विसरत नाही. आपणही विसरू नये.

लग्नाला एक वर्ष पूर्ण झाले नसेल तर हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १४ आड येते. असाधारण हालअपेष्टा दाखवून विशेष परवानगी मागावी लागते.

४. गावात सगळे ‘सात वर्षे झाली की सुटका होते’ असे सांगतात. ही सात वर्षे नक्की कशाची?

दोन वेगळे नियम लोकांच्या बोलण्यात एक झाले आहेत. पहिला नियम हिंदू विवाह अधिनियमातला आहे : सात वर्षे किंवा अधिक काळ जोडीदार जिवंत असल्याचे, ज्यांना कळायला हवे होते त्यांच्या कानावर आलेले नसेल, तर घटस्फोट मागता येतो. तुरुंगातील व्यक्तीचा ठावठिकाणा सरकारदरबारी नोंदलेला असल्यामुळे हा नियम तिला लागू होत नाही. आरोपी फरार असेल आणि खरोखरच कोणाला काही पत्ता नसेल, तर तो विचारात घेता येतो.

दुसरा नियम सात वर्षांच्या शिक्षेचा आहे आणि तो इतर विवाह कायद्यांत आढळतो. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम २७ नुसार जोडीदार सात वर्षे किंवा अधिक मुदतीची शिक्षा भोगत असेल तर ते थेट कारण आहे. मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९ नुसार पतीला सात वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर पत्नी अर्ज करू शकते, परंतु शिक्षा अंतिम झाल्याशिवाय, म्हणजे अपिलाचा निकाल लागल्याशिवाय किंवा अपिलाची मुदत संपल्याशिवाय, हुकूमनामा होत नाही. अपील प्रलंबित असेल तर त्याच कायद्यातील दोन वर्षे निर्वाह न पुरवल्याचे कारण अधिक लवकर उपयोगी पडू शकते. पारशी कायद्यातही सात वर्षांच्या शिक्षेचे कारण आहे आणि दाव्यापूर्वी किमान एक वर्ष कैद भोगलेली असावी लागते. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात तुरुंगवास हे कारण नाही. तेथेही क्रूरता किंवा परित्याग यांकडेच वळावे लागते.

५. आमच्या लग्नाची ग्रामपंचायतीत नोंदणी झाली आहे. म्हणजे आम्हाला विशेष विवाह कायदा लागू होतो ना?

बहुधा नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद देते ते प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखालचे असते. धार्मिक विधीने झालेल्या विवाहाची ती केवळ नोंद आहे. विशेष विवाह हा विवाह अधिकाऱ्यासमोर, आधी नोटीस देऊन आणि तीस दिवसांची मुदत पाळून लावला जातो. प्रमाणपत्रावर अधिनियमाचे नाव छापलेले असते. वकिलाकडे जाण्यापूर्वी ती ओळ वाचावी, कारण आपले कारण कोणते असेल हे तीच ओळ ठरवते.

६. मी माहेरी विट्याला आहे, सासर कराडचे, नवरा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात. अर्ज कुठे करायचा?

पत्नी अर्जदार असेल तर अर्जाच्या वेळी ती जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. याशिवाय जेथे लग्न लागले किंवा जेथे दोघे शेवटचे एकत्र राहिले, ती ठिकाणेही चालतात. त्यामुळे आपल्याला विटा आणि कराड या दोन्ही बाजू खुल्या आहेत. तारखा अनेक पडतात आणि एसटीने लहान मूल घेऊन जायचे असते, म्हणून जवळचे ठिकाण निवडावे असे आम्ही सांगतो. कौटुंबिक न्यायालयाचे अधिकारक्षेत्र असेल तर अर्ज तेथे, अन्यथा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होतो.

मुलाच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज मात्र पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार मूल जेथे सामान्यतः राहते तेथेच करावा लागतो.

७. तुरुंगात असलेल्या माणसाला नोटीस कशी बजावतात? त्याने घेतलीच नाही तर?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २४ नुसार समन्स कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवले जाते आणि त्याच्यामार्फत बंद्याला बजावले जाते. त्यासाठी अर्जात कारागृहाचे नाव अचूक हवे. सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा कारागृहात असलेला कच्चा कैदी शिक्षेनंतर कळंबा किंवा येरवडा मध्यवर्ती कारागृहात हलवला गेलेला असतो आणि समन्स जुन्या पत्त्यावरून परत येते. अशा एका चुकीत काही महिने जातात. त्याने समन्स घेण्यास नकार दिला तर अधिकारी तसा अहवाल पाठवतो आणि न्यायालय पुढील आदेश करते.

८. त्याला तारखेला न्यायालयात आणतात का? तो हजर नसताना निकाल होऊ शकतो का?

प्रत्येक तारखेला आणले जात नाही आणि त्याची गरजही नसते. कारागृहात वकालतनामा पाठवला जातो, बंदी त्यावर अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करतो, अधीक्षकांच्या कार्यालयाचा शिक्का बसतो आणि तो कागद वकिलाकडे परत येतो. कैफियत, म्हणजे अर्जाला दिलेले लेखी उत्तर, आणि शपथपत्रही याच मार्गाने होते. साक्षीसाठी आता बहुतेक वेळा कारागृहातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंग होते. न्यायालयापासून कारागृह २५ किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर कमिशनमार्फत, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत, साक्ष घेणे पुरेसे नाही अशी खात्री झाल्याशिवाय बंद्याला साक्षीसाठी आणण्याचा आदेश देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६-अ सांगतो. सांगली-मिरजेतील दाव्यांत कळंब्याच्या बंद्यांबाबत हे अंतर आड येतेच.

योग्य बजावणी होऊनही त्याने बाजू मांडली नाही तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. येथे आमचा आग्रह वेगळा आहे. कैद्याला वकील मिळालेला नसताना घाईने मिळवलेला एकतर्फी हुकूमनामा पुढे रद्द करून घेतला जाण्याचा धोका राहतो. त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळावा, अशी विनंती अर्जदारानेच न्यायालयाला केली तर निकाल लांबतो, पण टिकतो.

९. तो सह्या द्यायला तयार आहे. संमतीने घटस्फोट होईल का?

होईल. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब नुसार दोघे एक वर्षापासून वेगळे राहत असणे आवश्यक आहे. वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लावला आहे. त्यामुळे कैदेत गेलेला काळ, दोघांचीही सहजीवनाची इच्छा उरलेली नसेल तर, अडथळा ठरत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधील सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते आणि पक्षकाराची उपस्थिती व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनेही चालू शकते, असे २०१७ च्या निकालात म्हटले आहे. संमती दबावाखाली दिलेली नाही याची विचारपूस न्यायाधीश स्वतः करतात. पोटगी, स्त्रीधन, मुलाचा ताबा आणि भेटी यांच्या अटी त्याच अर्जात स्पष्ट लिहाव्यात. ‘आपसात ठरले आहे’ एवढे लिहून सोडलेले वाक्य पुढे त्रास देते.

१०. पंचांसमोर पाचशेच्या मुद्रांकावर फारकतपत्र करून नोटरी केली आहे. ते पुरेसे नाही का?

सर्वसाधारणपणे नाही. नोटरी केवळ सही करणाऱ्याची ओळख नोंदवते. तिला विवाह मोडण्याचा अधिकार नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा घटस्फोट वाचवलेला आहे, परंतु आपल्या समाजात अशी काडीमोडीची रूढी प्राचीन, अखंड आणि मान्य आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नाही. कारागृहात मुलाखतीला जाऊन अशा कागदावर सही आणलेली प्रकरणे आमच्याकडे येतात. दुसरे लग्न ठरल्यावर हा कागद निरुपयोगी असल्याचे कळते, आणि तोपर्यंत मुलीच्या बाजूच्या लोकांनी खर्च करून ठेवलेला असतो. दोघांची तयारी असेलच तर प्रश्न ९ मधील मार्ग घ्यावा.

११. वकिलाची फी परवडत नाही. काय करावे?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे पत्नीलाही मिळतो आणि कैद पतीलाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. महाराष्ट्रात स्त्रियांना वैवाहिक आणि पोटगीच्या प्रकरणांत न्यायालय शुल्कही माफ आहे.

१२. तुरुंगात असलेल्या नवऱ्याकडून पोटगी कशी मिळणार?

कैदेमुळे पोटगीची जबाबदारी संपत नाही. वसुलीचा मार्ग तेवढा बदलतो. पगार थांबला असला तरी जमीन, घरभाडे, बँकेतील ठेवी, ऊस गेल्यावर कारखान्याकडून येणारे बिल, दूध संघाकडील पैसे यांचा शोध घ्यावा. अर्ज करण्यापूर्वी सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे काढून ठेवावेत, कारण अटकेनंतर जमीन भावाच्या किंवा आईच्या नावावर फिरवण्याची घाई अनेक घरांत होते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खालची कायम पोटगी स्थावर मिळकतीवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते. पती सरकारी नोकर असेल आणि कोठडीमुळे निलंबित झाला असेल, तर त्याला मिळणारा निर्वाह भत्ताही न्यायालयाच्या निदर्शनास आणावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ हा सर्वांत परिचित मार्ग आहे आणि तो सर्व धर्मीयांना खुला आहे.

सरकारी मदत वेगळी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या पत्नीचा समावेश आहे. अर्ज तहसील कार्यालयात होतो. मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

१३. पोटगी भरली नाही म्हणूनच त्याला तुरुंगात टाकले. आता थकबाकी फिटली का?

नाही. ती कैद म्हणजे वसुलीसाठी आणलेला दबाव आहे, पैशांची फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले आहे. सुटल्यावरही रक्कम देय राहते.

१४. बाप तुरुंगात आहे, म्हणजे मुलाचा ताबा आईला मिळणारच ना? की त्यासाठीही अर्ज करावा लागतो?

मूल आपल्याजवळ असेल आणि कोणी हरकत घेत नसेल, तर लगेच अर्ज करावाच असे नाही. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा नैसर्गिक पालकांचा क्रम आहे. परंतु गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच न घेता त्यांच्या अनुपस्थितीत असा घेतला. दीर्घ कारावास हे या अनुपस्थितीचे अगदी ठळक उदाहरण आहे. शाळाप्रवेश, दाखला, आधार, बँक खाते, शस्त्रक्रियेची संमती, या कामांत ‘वडिलांचीच सही हवी’ असे कोणी म्हणाले तर हा आधार सांगावा. पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाची संमती मिळणे शक्य नसल्यास विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र देता येते. मुलाची स्थावर मिळकत विकायची असेल तर मात्र कोणत्याही नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.

वाद असेल तर न्यायालय मुलाचे हित पाहते, आणि याच १९५६ च्या अधिनियमाच्या कलम १३ नुसार तेच सर्वोपरी असते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असा नियम आहे. त्याहून मोठ्या मुलाबाबत आजवर त्याला कोणी सांभाळले, शाळा आणि घर किती स्थिर आहे, आजारपणात रात्री कोण जागते, भावंडे एकत्र राहतील का, हे विचारले जाते. ज्याची कमाई अधिक त्याला मूल, असा नियम नाही. समजत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या बोलण्याची घरी तालीम करून घेऊ नये. पाठ केलेली वाक्ये अनुभवी न्यायाधीशाला पहिल्या मिनिटात ओळखू येतात आणि मुलावर त्याचे ओझे पडते ते वेगळेच.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर ताब्याची मागणी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात करावी. मुस्लिम कुटुंबांत आईचा हिजानतचा, म्हणजे लहान मूल स्वतःजवळ ठेवून सांभाळण्याचा, हक्क विचारात घेतला जातो, परंतु तेथेही अखेर मुलाचे कल्याण पाहिले जाते.

१५. अटकेनंतर सासू-सासऱ्यांनी मुलाला ठेवून घेतले आणि मला हाकलले. मूल परत कसे मिळवायचे?

येथे वेळ घालवू नये, कारण मूल काही महिने तेथे रुळले की तीच परिस्थिती पुढे आपल्याविरुद्ध मांडली जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. हा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो. त्याच अर्जात सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यानेच तो नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले आहे. पालक आणि पाल्य अधिनियमाखाली ताब्याचा अर्ज हा नेहमीचा मार्ग आहे. मूल अगदी लहान असेल आणि आजी-आजोबांना कायद्याने ताब्याचा हक्क नसेल, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करवण्याची, याचिकाही होऊ शकते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा-सांगलीच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

एक सूचना : चार माणसे घेऊन सासरच्या दारात जाऊन मूल उचलून आणू नये. त्यातून उलट गुन्हा दाखल होतो आणि मुलाच्या डोळ्यांसमोर झालेली ती झटापट ताब्याच्या निकालातही उतरते.

पती पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर, किंवा फर्लोवर, म्हणजे संचित रजेवर, घरी येऊन मूल घेऊन जाईल अशी भीती असेल, तर न्यायालयाकडून आधीच अंतरिम ताबा आणि मनाईचा आदेश घ्यावा आणि त्याची प्रत शाळेला व पोलीस ठाण्याला द्यावी.

१६. मुलाला बापाला भेटवायला तुरुंगात न्यावेच लागेल का?

ताबा आईकडे असला तरी दुसऱ्या पालकाशी संपर्क हा मुलाचाही हक्क मानला जातो, आणि गुन्हेगाराला भेट नाकारणे हा आपला आपोआप अधिकार नाही. न्यायालय गुन्ह्याचे स्वरूप, मुलाचे वय, पूर्वीचे नाते आणि मुलाची इच्छा पाहून ठरवते. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबर व्हिडिओ कॉलने होणाऱ्या संपर्कालाही महत्त्व दिले आहे, आणि कारागृहांत ई-मुलाकातीची सोय आहे.

प्रत्यक्ष भेट ठरली तर ती कशी होते, हे आधी जाणून घ्यावे. मुलाखतीच्या जागी मध्ये जाळी किंवा काच असते, शेजारच्या कुटुंबांचे आवाज मिसळतात, वेळ थोडा असतो, आणि सहा वर्षांचे मूल बापाला पाहून काही न बोलता जाळीला बोट लावून उभे राहते. त्यानंतर दोन रात्री ते झोपले नाही, असे आया सांगतात. म्हणून महाराष्ट्रातील कारागृहांत ‘गळाभेट’ उपक्रम होतो तेव्हा मुलाला न्यावे; त्यात मध्ये जाळी नसते आणि बाप मुलाला मांडीवर घेऊ शकतो. पत्रे, शाळेचे चित्र, प्रगतिपुस्तकाची प्रत पाठवणे हाही संपर्कच आहे. जेथे बंध खरा होता तेथे तो तोडू नये, असे आमचे ठाम मत आहे.

अपवाद तितकाच ठाम आहे. गुन्हा त्याच मुलाविरुद्ध किंवा त्याच्या भावंडाविरुद्ध असेल, ‘पोक्सो’खालचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचे, प्रकरण असेल, किंवा मूल साक्षीदार असेल, तर भेटीला लेखी हरकत घ्यावी आणि समुपदेशकाचा अहवाल मागवावा.

१७. उलट प्रकरण आहे : सून तुरुंगात आहे आणि तिचे मूल दोन वर्षांचे आहे. किंवा मुलीच्या मृत्यूबद्दल जावईच आरोपी आहे. मुलांचे काय?

आई कैदेत असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ कारागृहात राहू शकते. २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांनुसार अशा मुलाला कैद्यासारखे वागवायचे नाही, आणि कारागृहात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृह लिहायचे नाही. बाहेर सांभाळ करणारे चांगले घर असेल तर पिता किंवा आजी-आजोबा ताबा मागू शकतात, पण ‘ती कैदी आहे’ हे एकच कारण पुरत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला तोडणे त्याच्या हिताचे आहे का, हे विचारले जाईल.

वडिलांवर आईच्या मृत्यूचा आरोप असेल, तेव्हा नैसर्गिक पालकाचा हक्क त्याला तारून नेत नाही. १९९२ आणि २००८ मधील दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत मुले अनुक्रमे मामाकडे आणि आईच्या आई-वडिलांकडे ठेवली. २००८ मध्ये तर आरोपीविरुद्धच्या फौजदारी प्रकरणाचा विचार न करणे ही खालच्या न्यायालयांची चूक ठरवली. आजोळच्या लोकांनी केवळ मूल घरी आणून न थांबता पालकत्वाचा आदेश घ्यावा, कारण बाप जामिनावर सुटताच वाद उभा राहतो. मुलाला सांभाळणारे कोणीच नसेल तर बालकल्याण समितीकडे जावे. १०९८ या क्रमांकावर कळवता येते. आईच्या खुनात दोषी ठरलेल्या पित्याला तिच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, हे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २५ सांगते. मुलांचा वाटा लावताना तलाठ्याकडे हे लक्षात आणून द्यावे.

१८. हुकूमनामा झाला. लगेच दुसरे लग्न करता येईल का?

विरोधात चाललेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावे. हिंदू विवाह अधिनियमाखाली ती ९० दिवसांची आहे. अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे. घटस्फोटाने आई-वडील वेगळे होतात. मुलाचा वडिलांच्या मिळकतीतील वारसाहक्क तसाच राहतो. दुसऱ्या लग्नामुळे आईचा ताबा आपोआप जात नाही, पण नव्या घरात मुलाची जागा काय आहे, हे विचारले जाऊ शकते.

१९. लग्नाआधीच त्याच्यावर गंभीर गुन्हा होता आणि आमच्यापासून लपवला. घटस्फोटच घ्यावा लागेल का?

दुसरा मार्ग आहे. जोडीदारासंबंधीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १२ खाली विवाह रद्द ठरवण्याचा अर्ज करता येतो. मात्र फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि ती कळल्यानंतर आपण स्वेच्छेने त्याच्याबरोबर राहिलेले नसावे. या विवाहातून झालेले मूल औरसच मानले जाते.

२०. घटस्फोट आणि ताबा मला मिळाला. आता तो अपिलात निर्दोष सुटला आहे. सगळे उलटेल का?

घटस्फोटाचा अंतिम झालेला हुकूमनामा त्याच्या निर्दोष सुटण्यामुळे उलटत नाही. म्हणूनच प्रश्न २ आणि ३ मध्ये, अर्ज आरोपापेक्षा वागणुकीवर उभा करण्याचा आग्रह धरला आहे. ताब्याचा आदेश मात्र कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की कोणताही पालक फेरबदल मागू शकतो. निर्दोष सुटलेला, कामाला लागलेला बाप भेटींचा वेळ वाढवून मागेल आणि बऱ्याचदा त्याला तो मिळेलही. सुरुवातीला दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी किंवा न्यायालयाच्या आवारात तासाभराची भेट, नंतर रविवारचा दिवस, मग सुट्टीतला मुक्काम, अशी पायरीपायरीने वाढणारी व्यवस्था लेखी मागून घ्यावी. बापाचा चेहरा विसरलेल्या मुलाला एकदम त्याच्याकडे मुक्कामी पाठवण्यास आईने हरकत घेतली, तर ती हरकत न्यायालय आडमुठेपणा मानत नाही. भेटच होऊ न देण्यास मात्र मानते.